मोठ्या मायचा हात, आणि एकूणच कातडीचे फोटो

बोरीकाठ
राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी लग्नाचे फोटो काढतो, अमळनेर पारोळा भागात, स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. सीझनमध्ये रोज रात्री एक दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर बसून मी काय करतो तर लोकांची कातडी पुसतो. नवरीच्या गालावरचे खड्डे, नवरदेवाच्या मानेवरची घामोळी, सासूच्या डोळ्याखालच्या सुरकुत्या, सगळं गुळगुळीत करून करिझ्मा अल्बममध्ये टाकायचं, गिऱ्हाईक खुश. दहा वर्षं झाली हे करतोय. आणि गेल्या पौषात एक दिवस मोठी माय (माझी आजी, ८४ वर्षांची) आंघोळ करून ओट्यावर उन्हात बसली होती, पदर खाली घेऊन दंडाला, खांद्याला खोबरेल चोळत होती, ऊन एकदम आडवं येत होतं, सकाळचे साडेसात असतील. त्या उन्हात तिच्या हाताची कातडी मी पहिल्यांदा नीट बघितली असं म्हणायला हरकत नाही. काळ्या वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, तशा मनगटाकडून पार दंडापर्यंत बारीक बारीक रेषा, आणि त्यांच्यामधून गेलेलं गोंदण. तुळस आहे आणि विंचू आहे. विंचवाची नांगी आता फुटलीये, म्हणजे कडा पसरून हिरवट धूर झाल्यासारखी दिसते.

आत जाऊन कॅमेरा आणला, १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स लावली आणि तासभर फक्त हात, खांदा, मानेमागचा भाग, टाचा असे फोटो काढले. तिची एक गोष्ट सांगतो. तिने साठ वर्षं कापूस वेचलाय. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, नखांच्या बाजूला टोचून टोचून कायमच्या चिरा पडल्यात. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा थम लागत नाही, चार चार वेळा अंगठा पुसून लावावा लागतो, कधी कधी तशीच परत येते. मॅक्रोने अंगठा काढला तेव्हा कळलं का लागत नाही ते. मधल्या भागात रेषाच नाहीत. घासून सपाट. बाजूला थोड्या उरल्यात.

मग एक दंडाचा आणि एक खांद्याचा फोटो बारा बाय अठरा मॅट पेपरवर प्रिंट केला, आणि प्रिंटचा फोटो घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला. मोठ्या काकांचा सुरतहून फोन, म्हातारीचं उघडं अंग जगाला दाखवतो, लाज वाटत नाही का, आणि बरंच काही. मी लगेच काढून टाकला. पण मनातून जात नाही. खांद्याचा फोटो आहे, वाईट काहीच नाही त्यात, पण ते चिडले ते पण खोटं चिडले नाहीत.

तर विचारायचं हे की असे फोटो इकडे कोणी काढतं का? चेहरा न दाखवता नुसत्या कातडीचा फोटो काढला तर तो माणसाचा फोटो असतो की नाही?

सावदा_केळी
भाऊ तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे मोबाईलवर काढलेले असेच बरेच पडून आहेत, कोणाला दाखवले नाहीत. आमच्याकडे केळी कापणीची मंडळी येतात, त्यांचे हात कधी जवळून बघा. केळीचा चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो, हवा लागली की तपकिरी होतो, मग काळा. कपड्याला लागला तर कपडा फेकून द्यायचा, निघतच नाही. हातावर तो थरावर थर बसतो, आणि कातडीच्या प्रत्येक रेघेत जाऊन बसतो त्यामुळे तळहाताचा जणू छापाच तयार होतो, रेषा काळ्या आणि मधली कातडी उजळ. शाईने काढल्यासारखं. दुसरं म्हणजे घड वाहणाऱ्यांचा खांदा. एक घड वीस पंचवीस किलो सहज असतो आणि गाडी भरेपर्यंत किती फेऱ्या होतात त्याला गणती नाही. एका काकांच्या उजव्या खांद्यावर एवढा मोठा घट्टा आहे, डावा खांदा साफ. दोन्ही खांदे एकाच फोटोत घ्यायचे आहेत मला, जमत नाही, दरवेळी सपाट येतं.

चाळीसगाव_जंक्शन
सावदेकर, सपाट येतं कारण तुम्ही दुपारी काढत असणार किंवा फ्लॅश समोरून मारत असणार. कातडीचा पोत हा पूर्ण उजेडाचा खेळ आहे. उजेड समोरून आला की प्रत्येक खड्डा भरून निघतो, म्हणूनच लग्नात रिंग लाईट वापरतात, बोरीकाठ भाऊंना माहीत आहे. उजेड बाजूने, कातडीला जवळजवळ घासून आला पाहिजे, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पलीकडे पडते. सकाळी पहिला तासभर, किंवा घरात असाल तर दाराची एकच फळी उघडी ठेवा आणि माणसाला दाराशी आडवं बसवा. पलीकडच्या बाजूला काळं कापड धरा, पांढरी भिंत असेल तर ती उजेड परत फेकते आणि सावल्या मरतात. घट्ट्यावर थोडं तेल लावा, चमक उठते. मॅक्रो असेल तर अॅपर्चर (लेन्सचं भोक) आठ ते अकरा, फार बारीक केलं, बावीसपर्यंत नेलं, तर सगळं फोकसमध्ये येईल वाटतं पण उलट फोटो मऊ पडतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. हे काम जगात शंभर वर्षं चाललंय. एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये एका ढोबळी मिरचीचा फोटो काढला, पेपर (म्हणजे मिरची) नंबर ३० नावाचा, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून. बघणाऱ्याला पाठमोरा माणूस वाटतो, स्नायू, खांदे, सगळं. १९३६ मध्ये त्यानेच गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बाईचा फोटो काढला, चेहरा खाली झाकलेला, ती मिरचीसारखी नुसता आकार झालीये. इमोजेन कनिंगहॅमचा १९२८ चा ट्रायँगल्स बघा, नुसते सावलीचे त्रिकोण, शरीर आहे हे नंतर कळतं. बिल ब्रांट तर समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यांमध्ये कान ठेवायचा, एवढा मोठा, दगडांमधला एक दगड. त्याच्या हातात जुना लाकडी कॅमेरा होता, खूप वाइड लेन्सचा, जवळची वस्तू प्रचंड आणि मागची छोटी दिसायची. १९६१ साली त्याचं पुस्तक आलं, या विषयात ते वाचल्याशिवाय, म्हणजे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पण मला सगळ्यात जवळचा जॉन कोप्लान्स. हा माणूस आधी लेखक, संपादक. १९८४ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, स्वतःच्याच उघड्या शरीराचे फोटो काढायला लागला. पाठ, हात, पाय, पोट, केस, सुरकुत्या, सगळं कृष्णधवल आणि भिंतभर मोठं. चेहरा कधीच नाही. स्वतःचं म्हातारं अंग स्वतः दाखवलं त्याने. मोठ्या मायच्या फोटोवर काका चिडले, कोप्लान्सवर चिडायला कोणी नाही, कारण कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूला तोच होता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि आमच्या गावात कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, स्टेशनजवळच. त्यांनी स्वतःला त्या घरात कोंडून घेतलं आणि कित्येक दशकं टेबलावर वस्तू मांडून फोटो काढले. टेबलटॉप म्हणतात त्याला. फोटो काढायला कुठे लांब जावं लागतं हा गैरसमज त्या घरात गेलं की जातो.

अमळनेर_मंगळग्रह
काका चिडले ते बरोबर आहे. आपल्याकडे बाईमाणसाचं अंग असं दाखवत नाहीत. कला वगैरे शहरात ठीक आहे. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

बोरीकाठ
दादा राग नाही. काकांचं म्हणणं मी पण सोडून दिलेलं नाही, म्हणूनच इथे विचारतोय. फक्त एक, अंग माझं नाही आणि काकांचं पण नाही. तिला विचारायचं मी विसरलो होतो हे मात्र खरं. फोटो काढताना ती काही बोलली नाही म्हणून मी होकार धरला. प्रिंट तिला ग्रुपवर टाकल्यानंतर दाखवली, आधी नाही. ही चूक माझी.

दाखवली तेव्हा काय झालं ते लिहितो. दंडाची प्रिंट तिने हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, आणि बोटाने विंचवावरून फिरवत गेली, मग स्वतःच्या दंडावर, परत प्रिंटवर. म्हणाली, "मन्हा हात इतला काया शे का रे?" मी म्हणलं फोटोत तसा दिसतो. मग खांद्याचा बघितला आणि बाजूला ठेवून दिला. "हाऊ (हा) नको." एवढंच. कारण विचारलं नाही मी, तिने सांगितलं नाही.

सातपुडा_पायथा
मी शहादा भागातला, पावरा आदिवासी आहे. मला या धाग्यावर थोडं कडक बोलायचं आहे.

होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, मग काठी गावची होळी, आणि दरवर्षी मोठ्या लेन्सवाले येतात. आमच्या पोरांनी नवस म्हणून अंगावर पांढरे ठिपके काढलेले असतात, बुध्या बनतात, किती दिवस पाळणूक करतात, जमिनीवर झोपतात, बायकोच्या हातचं पण खात नाहीत. फोटोवाला येतो, लेन्स छातीला लावतो, ठिपके आणि घाम एवढंच घेतो, निघून जातो. नंतर कुठल्यातरी प्रदर्शनात ती छाती टांगलेली असते, खाली लिहिलेलं असतं आदिवासी, सातपुडा. नाव नाही. पाडा नाही. नवसाचा तर पत्ताच नाही. पॅटर्न म्हणून बघतात.

हे आजचं नाही. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ मध्ये पीपल ऑफ इंडिया म्हणून आठ खंड काढले, जातीजमातींचे फोटो, खाली स्वभाव लिहिलेला, हे चोर, हे आळशी. १८६९ मध्ये लॅम्प्रे नावाच्या माणसाने उघड्या माणसांना चौकटीच्या जाळीपुढे उभं करायची पद्धत मांडली, मापं घ्यायला सोपं. तिथे पण शरीरच होतं, उजेड पण चांगला होता. चाळीसगावचे काका म्हणतात वेस्टनने बाईची मिरची केली, भारी. वेस्टनची बाई त्याच्या घरातली होती, तिचं नाव जगाला माहीत आहे. आमच्या छातीची मिरची झाली तर नाव कोण सांगणार?

म्हणून बोरीकाठ भाऊ, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, चेहरा नसला की माणूस जातो, नमुना राहतो.

सावदा_केळी
हे वाचून मी ते घड वाहणाऱ्या काकांचे फोटो उघडले. फाईलचं नाव मी "घट्टा ३" असं दिलंय. त्यांचं नाव मला माहीत आहे, रोज चहा घेतो सोबत. तरी घट्टा ३.

चाळीसगाव_जंक्शन
सातपुडा, तुमचं मान्य. मी तंत्रात वाहवत गेलो.

पळसफूल
नमस्कार. मी धुळ्याची, फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय.

मला कोड आहे. एकोणीसाव्या वर्षी बोटांच्या टोकांवर सुरू झालं, आता दोन्ही हात, कोपरं, गुडघे, ओठांच्या कडा. लोकांना अजून समजावून सांगावं लागतं की हा कुष्ठरोग नाही, लागत नाही, रंग तयार करणाऱ्या पेशी तेवढ्या भागातून गेल्यात, बाकी कातडी ठीक आहे. स्थळं किती परत गेली ते लिहीत नाही. आईने कोणाच्या तरी सांगण्यावरून बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं होतं, भाजल्यासारखे फोड आले, त्याचा एक डाग अजून मनगटावर आहे. तो डाग कोडापेक्षा जास्त दिसतो मला.

मागे एकजण म्हणाला होता तुझ्या हातांचं फोटोशूट करतो, खूप युनिक पॅटर्न आहे. मी नाही म्हणलं. सातपुडा दादांनी जे लिहिलं तेच वाटलं होतं तेव्हा, शब्द नव्हते. पण नंतर भावाचा कॅमेरा घेऊन मी स्वतःच काढायला लागले, खिडकीशी टेबल ओढून, दहा सेकंदाचा टायमर लावून. कोप्लान्स हे नाव मला आज कळलं.

मला एकच गोष्ट सांगायचीये जी मी बघितली. बाजूने उजेड घेऊन मी मनगटाचा फोटो काढला, जिथे पांढरं संपतं आणि सावळं सुरू होतं ती कड. मोठा करून बघितला. कातडीवर त्या बारीक चौकोनांच्या, त्रिकोणांच्या रेषा असतात ना, त्या कडेपाशी थांबत नाहीत. सावळ्यातून सरळ पांढऱ्यात जातात, तशाच्या तशा, एक पण रेष वाकत नाही. लवसुद्धा दोन्हीकडे, इकडची काळी तिकडची पांढरी, पण त्याच दिशेने झुकलेली. मी पंधरा वर्षं त्या कडेकडे बघतेय आणि मला वाटायचं तिथे काहीतरी फाटलंय. हाताने चाचपून पण बघितलं होतं मी, कळत नव्हतं. फोटोने दाखवलं. त्या दिवशी मी जेवले नाही, म्हणजे वाईट वाटून नाही, नुसतं बघत बसले.

म्हणून चेहरा नसला की नमुना होतो हे मला अर्धं पटतं. माझ्या त्या फोटोत चेहरा असता तर मी चेहराच बघितला असता, कोड असलेली मुलगी दिसली असती. चेहरा नव्हता म्हणून कातडी दिसली.

बोरीकाठ
ताई, मी हे तीनदा वाचलं.

सातपुडा_पायथा
ताई तुमचं वेगळं आहे आणि बरोबर आहे. तुम्ही स्वतः काढलाय. मी माझं वाक्य बदलतो, चेहरा नसण्यापेक्षा विचारलेलं नसणं जास्त वाईट. आमच्याच पाड्यातल्या पोराने बुध्याची छाती काढली तर मला त्रास होणार नाही, तो कोणाची ते सांगेल.

चाळीसगाव_जंक्शन
पळसफूल ताई, एक तांत्रिक गोष्ट तुमच्या कामाची. फोटो कृष्णधवल करताना रंगांचे तीन चॅनल वेगळे करून बघा. लाल चॅनलमध्ये कातडी गुळगुळीत आणि उजळ दिसते, कारण लाल उजेड कातडीत खोल शिरून पसरून परत येतो आणि रंगद्रव्य त्याला फार अडवत नाही. निळ्यामध्ये उलट, निळा उजेड रंगद्रव्य शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक तीळ, वांग, डाग गडद होतो आणि पोत उठून दिसतो. म्हणजे एकाच फोटोत लालमध्ये तुमची कड जवळजवळ नाहीशी होईल आणि निळ्यात कड अगदी सुरीने कापल्यासारखी येईल. दोन्ही खरंच आहेत. शेजारी शेजारी लावले तर काय होईल ते बघा.

बोरीकाठ, मोठ्या मायने विचारलं हात इतका काळा आहे का, त्याचं उत्तर पण यातच आहे. तुम्ही बहुतेक निळं वाढवून कृष्णधवल केलं असणार पोत यावा म्हणून. तिचा हात तेवढा काळा नाही. तिने बरोबर पकडलं.

बोरीकाठ
हो काका. निळंच वाढवलं होतं. परत करतो.

भुसावळ_शंटिंग
थोडं बाजूचं आहे पण राहवत नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा तिथल्या माणसाने दिवा भिंतीच्या बाजूने धरला होता, आणि त्या राजपुत्राच्या गालावर मातीच्या गिलाव्याच्या भेगा दिसल्या, तूस का काय मिसळलेला असतो तो पण दिसला. समोरून उजेड टाकला की परत गुळगुळीत गाल. ते डोक्यातून गेलं नाही. रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ पासून त्या चित्रांच्या नकला करत होता, त्यातल्या बऱ्याच १८६६ ला लंडनच्या आगीत जळाल्या, आगीच्या आधीच तो कॅमेऱ्याकडे पण वळला होता. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. गोंदणाबद्दल एक विचारायचं होतं, काजळाने गोंदतात तर हिरवं कसं दिसतं?

पळसफूल
ते मला डॉक्टरांनी समजावलं होतं. वरची कातडी महिन्याभरात झडून नवीन येते, गोंदण त्याच्या खालच्या थरात असतं म्हणून राहतं. काजळ काळंच असतं, पण वरच्या कातडीतून बघताना खालचं काळं हिरवट निळं दिसतं. हाताच्या शिरा निळ्या दिसतात ना, साधारण तसंच. आणि तिथल्या पेशी तो रंग खाऊन धरून ठेवतात, त्या मेल्या की दुसऱ्या धरतात, असं होता होता कडा पसरतात. मोठ्या मायचा विंचू म्हणून धूसर झालाय.

बोरीकाठ
मोठी माय म्हणते मेल्यावर सोबत फक्त गोंदण येतं, बाकी सगळं इथेच.

बोरीकाठ
(आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर परत लिहितोय, धागा वर काढल्याबद्दल माफी.)

मोठ्या मायला सगळे फोटो एकदा बसून दाखवले, कॉम्प्युटरवर, एक एक करून. तिने निवडले. खांद्याचा, मानेचा, टाचांचा नाही म्हणाली, मी ते तिच्यासमोर डिलीट केले, कार्डातून पण. टाचांचा माझा सगळ्यात आवडता होता, गेला तर गेला. दंडाचा ठेवायला सांगितला पण "बांगड्या घाली दे मंग काढ", म्हणून बांगड्या घालून परत काढला, त्याच उन्हात म्हणता येणार नाही, चैत्राचं ऊन वेगळं, पण दाराची एक फळी उघडी ठेवून जमलं. अंगठ्याचा पण ठेवला. रंग यावेळी ओढले नाहीत. दोन्ही प्रिंट ओसरीत लावल्या. खाली नाव लिहिलं, तिचंच, नवऱ्याचं आणि गावाचं लावून, तिने सांगितलं तसं.

आखाजीला आत्या आल्या, तिघी. सुरतचे काका पण. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, खालची नावाची पट्टी पण तेव्हा लावायची राहिली होती. मोठी आत्या पाय धुवून आत आली, झोका बांधायचा होता म्हणून वर आढ्याकडे बघत होती, आणि भिंतीपाशी थांबली. "हाऊ ते मायना हात." लांबून, चष्मा पण नव्हता. मी विचारलं कशावरून, ती म्हणाली लहानपणी झोपताना त्या विंचवावर बोट फिरवत झोपायचो आम्ही, तेव्हा नांगी पूर्ण होती. मग धाकटीने पण येऊन बोट लावलं, प्रिंटवर डाग पडला खापराच्या मांड्याच्या तुपाचा. पुसला नाही मी.

काका काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर बराच वेळ अंगठ्याच्या फोटोसमोर उभे होते. सुरतला साडीच्या मिलमध्ये तीस वर्षं रंगखात्यात काढली त्यांनी, त्यांची नखं अजून निळी आहेत मुळाशी. मी कॅमेरा काढला नाही. त्यांनी विचारलं नाही, मी पण नाही.

सावदा_केळी
फाईलचं नाव बदललं. काकांना रविवारी प्रिंट देणार आहे, दोन्ही खांदे एका फोटोत जमले, दाराच्या फळीची युक्ती चालली. ते म्हणाले डावा कशाला काढतो, त्याने काय केलंय. मी म्हणलं म्हणूनच.

पळसफूल
बोरीकाठ दादा, मला माझे तीन फोटो प्रिंट करायचे आहेत. मनगटाची कड, लाल आणि निळं शेजारी शेजारी, आणि एक बावचीच्या डागाचा. धुळ्यात जिथे विचारलं तिथे ते आधी स्क्रीनवर बघून म्हणाले मॅडम हे क्लीन करून देऊ का. तुमच्याकडे करून मिळेल का, मॅटवर?

बोरीकाठ
या ताई. सकाळी दहाच्या आधी या, लाईट जाते नंतर. पेपर आणून ठेवतो. हात लावणार नाही फाईलला.